घटसर्पाची लस पावसाआधीच का?

मृग तोंडावर आला की गावोगाव तेच चित्र दिसते. पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसे घटसर्पाची लस घेऊन येतात आणि निम्मी जनावरे रानात गेलेली असतात. 'मागच्या वर्षी टोचली होती की', 'मानेला गाठ येते', 'म्हैस चार दिवस दूध चोरते', अशी कारणे ऐकू येतात. पुढे दमदार पाऊस होतो. एखादी म्हैस रात्री चारा सोडते, अंग तापते, गळा सुजतो, लाळ गळते, घरघर लागते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दावण रिकामी! मग दोष डॉक्टरला.

डॉक्टर वेळेवर आला तरी अशा वेळी हात टेकतो. असे का होते, हे जंतूकडे पाहिले की कळते.

घटसर्प करणाऱ्या जंतूचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. जनावराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे राखणदारच. परका जंतू दिसला की धरायचा आणि गिळायचा, हे त्यांचे काम. पण या जंतूभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचे बुळबुळीत आवरण असते. अंगाला तेल चोपडून आलेला चोर जसा हातातून निसटतो, तसा तो राखणदारांच्या तावडीतून सुटतो. पकड बसेपर्यंत एकाचे लाखो झालेले असतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी 2000 साली या जंतूची आवरण बनवण्याची शक्ती काढून घेतली आणि तो उंदरांना टोचला. तेव्हा त्याचा जोर पारच ओसरला.

लस काय करते? लशीत मारलेले जंतू असतात. त्यांची ओळख पटली की शरीर प्रतिपिंडे तयार करते. ती जंतूला चिकटतात आणि राखणदारांना धरायला जणू मूठ मिळते. पण ही तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. घटसर्प काही तेवढी सवड देत नाही, एक-दोन दिवसांत खेळ संपवतो. म्हणून लस पावसाआधीच हवी. तिचा जोर तुरटीच्या लशीत चार-सहा महिने, तेलाच्या लशीत साधारण वर्षभर टिकतो. 'मागच्या वर्षी टोचली होती' हे उत्तर म्हणूनच चालत नाही. मानेची गाठ बहुधा काही दिवसांत बसते, गेलेली म्हैस परत येत नाही.

फाशी म्हणजे काळपुळीच्या जंतूलाही असेच आवरण असते. ते जनावराच्या अंगात गेल्यावर तयार होते. दक्षिण आफ्रिकेत 1930 च्या दशकात मॅक्स स्टर्न यांनी आवरण नसलेला जंतू हेरला आणि त्याचीच जिवंत लस केली. चोराचे तेल पुसून राखणदारांना त्याची ओळख करून दिली म्हणा ना! आजही जनावरांना तीच लस टोचतात. रोग पूर्वी होऊन गेलेल्या भागात ती दिली जाते.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त आले, तर ते फाडू नये, कातडे सोलू नये. हवा लागली की या जंतूची बीजे बनतात आणि वर्षानुवर्षे मातीत टिकतात. माणसालाही हा रोग होतो.

आता थोडे गावकारभाऱ्यांसाठी. 2009 च्या केंद्रीय कायद्यात घटसर्प आणि फाशी हे दोन्ही रोग अनुसूचित आहेत. संशय आला की मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचे आणि तिथून जवळच्या पशुवैद्यकाला लेखी खबर जायची, अशी ती व्यवस्था आहे. ही खबर दाबली तर नुकसान एका गोठ्यावर थांबत नाही. लसीकरणाच्या आदल्या दिवशी दवंडी द्यावी, जनावरे सकाळी गोठ्यात ठेवायला सांगावे, टोचलेल्या जनावरांची यादी पंचायतीत लावावी. यात खर्चाचे काही नाही.

चोराने तेल चोपडलेलेच असणार. राखणदार आधी जागे करायचे की चोरी झाल्यावर, एवढेच आपल्या हातात आहे.