भजनाची औषधाची बाटली करू नका



अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने साखर कमी होते, असे तक्ते हल्ली मोबाइलवर फिरतात. शेवटी ओळ असते : भजन हीच म्युझिक थेरपी. काही कीर्तनकारही हे ठोकून देतात आणि मांडव टाळ्या वाजवतो. यात भजनाचा मान वाढतो असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

संगीतोपचार हा शिकून करायचा व्यवसाय आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी अमेरिकेच्या रुग्णालयांत गायक-वादक जात. त्यांना वाजवता येई, पण रोग्याचे काय करायचे ते कळेना. म्हणून शिक्षणाची गरज भासली. मिशिगन राज्यात १९४४ साली पदवीचा पहिला अभ्यासक्रम निघाला, १९५० साली देशपातळीवर संघटना झाली. आज तिथे पदवीसोबत बाराशे तासांचे प्रशिक्षण पुरे करावे लागते. ब्रिटनमध्ये तर नोंदणीवाचून स्वतःला संगीतोपचारक म्हणवणे बेकायदा आहे.

आता त्यांचे काम पाहा. पक्षाघाताने मेंदूची डावी बाजू दुखावली की पुष्कळांची वाचा जाते. म्हातारबांना ‘पाणी’ म्हणता येत नाही, आणि पाठातला अभंग मात्र चालीवर ओठांवर येतो. घरचे हात जोडतात, चमत्कार म्हणतात. बॉस्टनच्या संशोधकांनी १९७३ साली यातूनच एक पद्धत मांडली. ‘पाणी द्या’ एवढेच शब्द, दोनच स्वरांत, चढवून-उतरवून म्हणायचे; प्रत्येक अक्षराला रोग्याचा डावा हात हळू थोपटायचा. आधी नुसते गुणगुणणे, मग दोघांनी मिळून म्हणणे, मग उपचारकाने गप्प होणे, आणि शेवटी चाल काढून घेऊन साधे बोलणे. वाक्-उपचारतज्ज्ञही ही पद्धत वापरतात. सगळ्यांना गुण येत नाही. कुणाला किती आला हे मोजून लिहिले जाते.

कंपवातात अडखळणाऱ्या पायांचेही तसेच. रोग्याची स्वतःची चाल मोजतात, त्याच लयीचा ठोका ऐकवतात, मग लय किंचित वाढवतात. पखवाजावर पावली खेळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण आपण पावली खेळतो तेव्हा कुणाची पावले मोजत नाही, आणि मोजूही नयेत.

कुणी म्हणेल, नामाने सर्व रोग जातात, मग हे कशाला? संतांनी नाम हे भवरोगावरचे औषध म्हणून सांगितले, रक्तदाबावरचे नव्हे. साखर उतरली नाही तर काय म्हणणार, नाम खोटे पडले? की त्या बिचाऱ्याची श्रद्धा कमी पडली? दुसरे तर फारच क्रूर आहे, आणि म्हटले जाते तेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. कीर्तन विकू नये ही आपली शिकवण, मग गाण्याचे पैसे कसे घेतात? अहो, वैद्याला आपण पैसे देतोच ना? तो उपचारक नाम विकत नाही. रोग्याची तपासणी, ध्येय ठरवणे, तासन्‌तास तेच दोन शब्द घोकून घेणे, याचे घेतो. उलट दहा दिवसांच्या शिबिराचा कागद भिंतीला लावून आणि संतांची तसबीर पुढे ठेवून जो ‘रागचिकित्सा’ मांडतो, त्याला आपण सत्काराची शाल देतो!

नुकसान कुणाचे होते, तर खाटेवरच्याचे. पक्षाघातानंतरचे पहिले महिने फार मोलाचे असतात. उशाशी भजन लावले, थेरपी चालू झाली, असे समजून घरचे निवांत बसतात आणि ते महिने निघून जातात. गोळ्या सोडणारे तर गावोगाव आहेत.

तुमच्या दिंडीतल्या कुणाची वाचा गेली असेल तर आधी त्याला रुग्णालयातल्या वाक्-उपचारतज्ज्ञाकडे न्या. संगीतोपचारक भेटला तर विचारा : शिक्षण कुठे झाले, ध्येय काय ठरवले, गुण कसा मोजणार, डॉक्टरांशी बोललात का? आणि संध्याकाळी टाळ घेऊन त्याच्या अंगणात जरूर जा. त्याला बोलता येवो न येवो, हरिपाठाला त्याची जागा ठेवा.