बिनदाराचे गाव आणि बिनभिंतीचे आकाश

शनिशिंगणापूर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते तिथल्या दारांमुळे, म्हणजे नसलेल्या दारांमुळे. घराला चौकट आहे, पण चौकटीला दार नाही. कुत्र्या-मांजरांसाठी एखादी फळी आडवी लावायची, फार तर पडदा सोडायचा. खुद्द शनिदेवाची साडेपाच फुटी शिळाही उघड्या चौथऱ्यावर, छप्पर नसलेली. २०११ साली युको बँकेने इथे शाखा उघडली तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिची बातमी दिल्ली-कोलकात्यापर्यंत पोहोचली. २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणे मिळाले. त्याआधी, २०१० मध्येच, एका भाविकाने चोरीची तक्रार नोंदवली होती. पण त्याने गावाची कीर्ती कमी झाली नाही.

या गावावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक सारे उंबरठ्याच्या पातळीवरचे आहे. मला आज थोडे वर, पत्र्यांच्या आणि स्लॅबच्याही वर बघायचे आहे. घोडेगावच्या फाट्यावरून आत वळले की उसाचे मळे लागतात, रसवंत्या लागतात आणि त्यांच्यामधून डोके काढणारे मोबाइलचे टॉवर दिसतात. दर्शनाला आलेला भाविक चौथऱ्यावर तेल वाहतो, बाहेर येऊन खिशातला फोन काढतो आणि घरी कळवतो, ‘दर्शन झाले.’ त्याचा तो निरोप ज्या टॉवरवरून गेला, त्याला ना दार आहे ना कुलूप. पण त्याचा पत्ता मात्र सरकारदरबारी नोंदलेला आहे. तोही ‘गट नंबर अमुक, मौजे तमुक’ असा नव्हे, तर अंश, कला आणि विकलांमध्ये!

दाराशिवाय जगणाऱ्या गावाच्या डोक्यावर इतकी काटेकोर नोंद कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल.

माझ्या पिढीला बिनतारी लायसन्स म्हटले की पोस्टातले रेडिओचे पुस्तक आठवते. दर वर्षी वडील ते घेऊन पोस्टात जात, पैसे भरत आणि शिक्का मारून आणत. आम्हा मुलांना त्याचे नवल वाटे. रेडिओ आपला, वीज आपली, गाणे ऐकणारे कान आपले. मग पैसे सरकारला कशाचे? उत्तर १९३३ च्या बिनतारी तारयंत्र कायद्यात होते. बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगायचे तरी परवाना हवा, असे तो कायदा सांगे. त्याच्याही आधीचा १८८५ चा तार कायदा तर संदेशवहनाचा सगळा अधिकारच सरकारकडे ठेवत होता. ऐकणाऱ्यांची ही कटकट ऐंशीच्या दशकात संपली. लहरी सोडणाऱ्यांची संपली नाही. दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेणारा दूरसंचार कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आणि तो २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. त्यातही गाभ्याचे तत्त्व तेच आहे: हवेत लहरी सोडायच्या, तर कोण, कुठून, किती जोराने आणि कोणत्या वारंवारतेवर, हे आधी सांगावे लागेल.

याचे कारण साधे आहे. जमिनीला बांध घालता येतो, लहरींना घालता येत नाही. एकाच मांडवात दोन बुवांनी एकाच वेळी कीर्तन सुरू केले तर दोघांचेही ऐकू येणार नाही. त्यातल्या एकाला हलवायचे, तर आधी दोघे कुठे उभे आहेत हे माहीत पाहिजे. जगाने हा धडा घेतला तो १९१२ च्या एप्रिलमध्ये. ‘टायटॅनिक’ बुडाली त्या रात्री आणि नंतरच्या दिवसांत अटलांटिकच्या किनाऱ्यावर बिनतारी संदेशांचा इतका गलबला झाला, की खरी बातमी कोणती आणि खोटी कोणती ते कळेना. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा करून प्रत्येक प्रक्षेपकाला परवाना सक्तीचा केला. आज जीनिव्हात आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे जगभरच्या वारंवारतांची एक मूळ नोंदवही असते. देशोदेशीच्या नोंदी तिथे एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात.

पण नोंदवहीची दुसरी बाजूही आपल्या इतिहासात आहे आणि ती विसरता कामा नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, नेते तुरुंगात गेल्यावर, मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून तो बोलू लागला आणि आपला ठावठिकाणा सांगताना निवेदक फक्त एवढेच सांगे की आम्ही भारतातून, कुठून तरी, बोलत आहोत. त्या ‘कुठून तरी’मध्येच त्या रेडिओचा जीव होता. प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवला जाई आणि दिशाशोधक यंत्रे घेतलेली पोलिसांची गाडी मागावर असे. तीन महिने पुरे होण्याआधी, १२ नोव्हेंबरला, तो पकडला गेला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. (जाता जाता सांगतो: ही लहर आजच्या हौशी रेडिओवाल्यांच्या ४० मीटर पट्ट्यात बसते. युद्ध सुरू होताच सरकारने त्या मंडळींचे परवाने रद्द करून संच जमा करून घेतले होते.) परक्या सरकारला प्रक्षेपकाचा पत्ता हवा होता तो आवाज बंद पाडण्यासाठी. म्हणजे वही तीच, पण ती कोणाच्या हातात आहे आणि कोणाला वाचता येते, यावर सारे अवलंबून.

स्वातंत्र्यानंतर ही वही दिल्लीतल्या बिनतारी नियोजन आणि समन्वय शाखेकडे आली. जागेच्या मंजुरीसाठी तिथे एक स्थायी सल्लागार समिती आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘सॅक्फा’ म्हणतात. मनोऱ्याचे अक्षांश-रेखांश, उंची, अँटेनाची दिशा, प्रक्षेपणाची ताकद हे सारे कंपनीने कळवायचे. मग संरक्षण, विमान वाहतूक, रेल्वे अशी खाती आपापल्या नजरेने ते तपासणार. पूर्वी कागदांचे गठ्ठे या टेबलावरून त्या टेबलावर महिनोन् महिने फिरत. आता हे काम ‘सरल संचार’ या संगणकीय व्यवस्थेतून होते आणि कमी उंचीच्या मनोऱ्यांना बऱ्याच सवलती आहेत.

एक विकला म्हणजे जमिनीवर उत्तर-दक्षिण सुमारे ३१ मीटर. एक कला म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. अर्ज भरणाऱ्याने कलेच्या रकान्यात एक आकडा चुकवला, तर शिंगणापूरचा टॉवर कागदावर शेजारच्या गावाच्या शिवारात जाऊन उभा राहतो. नुसत्या कागदावर तसे झाले तर काय बिघडते, असे म्हणायची सोय नाही. नगरजवळ लष्कराचे चिलखती दलाचे केंद्र आणि के. के. रेंजचे सराव क्षेत्र आहे. पलीकडे शिर्डीच्या काकडी विमानतळावर २०१७ पासून विमाने उतरतात. वैमानिकाला अडथळ्याचा मनोरा नकाशावर असेल तिथेच सापडला पाहिजे.

आणखी पश्चिमेला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ती काही बोलत नाही, फक्त ऐकते. आणि आकाशगंगांचा क्षीण आवाज ऐकायचा तर आसपास कोण किती मोठ्याने बोलते हे तिला कळावेच लागते. पुणे-नाशिक रेल्वेची नारायणगावाकडून जाणारी आखणी याच दुर्बिणीपायी अडली, हे वाचकांना आठवत असेल. आणि आमच्या रस्त्याने उलट दिशेला, संभाजीनगरच्याही पुढे, जालन्याला उपग्रहांच्या लहरींवर नजर ठेवणारे केंद्र सरकारचे निरीक्षण केंद्र आहे. जालना म्हटले की आपल्याला मोसंबी आणि लोखंडी सळया आठवतात. हे केंद्र क्वचितच कोणाला आठवते.

इथवर सगळे रास्त आहे. माझी तक्रार पुढची आहे.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे. सरकार मालक नाही, राखणदार आहे. या निकालाच्या बळावर पुढे सामुदायिक रेडिओचे धोरण आले. २००६ पासून शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. म्हसवडचा माणदेशी तरंग, बारामतीची वसुंधरा वाहिनी, आमच्या नगरातले ‘स्नेहालय’चे रेडिओ नगर ही त्याची फळे. पण मालमत्ता सार्वजनिक असेल, तर तिचा सातबाराही लोकांना दिसायला नको का? रानातल्या विहिरीची नोंद तलाठ्याकडे बघता येते. डोक्यावरच्या लहरींची नोंद बघायची कुठे, हे किती जणांना माहीत आहे?

या अज्ञानावर काही लोकांचे पोट चालते. सोनईकडच्या माझ्या एका नातेवाइकाने मला आलेले पत्र दाखवले होते. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, मध्ये मजकूर: तुमच्या शेतात मोबाइल टॉवर मंजूर झाला आहे, लाखांत आगाऊ भाडे, घरातल्या एकाला नोकरी, त्यासाठी नोंदणी फी आणि कर अमुक खात्यावर तातडीने भरावा. सुदैवाने त्यांनी भरला नाही. दूरसंचार खाते आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण, ‘ट्राय’, या दोघांनी वर्षानुवर्षे कंठशोष करून सांगितले आहे की टॉवरसाठी जमीनमालकाकडून आम्ही कोणतीही फी घेत नाही आणि ‘ट्राय’ असली नाहरकत पत्रे देतच नाही. जागेची मंजुरी कंपनी मागते, कंपनीच खर्च करते. शेतकऱ्याने फक्त भाड्याचा करार करायचा आणि पैसे घ्यायचे, द्यायचे नाहीत. एवढे एक वाक्य प्रत्येक चावडीवर लिहिले तरी अनेकांची उसाची बिले वाचतील.

शिंगणापूरकरांना तर बनावट पत्त्याचा प्रकार नवा नाही. २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावाने खोटी ॲप आणि संकेतस्थळे काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळल्याचे उघड झाले, गुन्हा दाखल झाला. घराला दार नसले तरी चालते, कारण कोणते घर कोणाचे हे सारा गाव जाणतो. अनोळखी माणूस भरदुपारी कुणाच्या ओसरीवर चढला तर चार डोळे त्याच्याकडे वळतात. पडद्यावरच्या देवळाकडे असे कोणी बघत नव्हते.

टॉवरचेही तसेच. एक खिडकी सरकारने उघडली आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर आपल्या परिसरातले टॉवर नकाशावर बघता येतात आणि ते किरणोत्सर्गाची मर्यादा पाळतात की नाही हेही. ४,००० रुपये भरले तर प्रत्यक्ष मोजणीची मागणी करता येते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांशावर आणली. चिमण्या गेल्या त्या टॉवरमुळे आणि डोके दुखते तेही टॉवरमुळे, अशी बोलणी पारावर चालतात. त्यातले बरेचसे निराधार आहे असे माझे मत. पण नुसते ‘घाबरू नका’ म्हणून भीती जात नाही. कागद समोर ठेवला तर कमी होते. लष्कराचे, पोलिसांचे प्रक्षेपक त्या नकाशावर नसावेत, हे मला मान्य. कंपन्यांचे असावेत, आणि मराठीत असावेत.

लहान यंत्रांचीही तीच कथा. शनी अमावास्येला लाखाच्या घरात गर्दी लोटते, फोन लागेनासे होतात, मग स्वयंसेवकांसाठी वॉकीटॉकी आणायची कल्पना कुणाच्याही डोक्यात येईल. ४४६ मेगाहर्ट्झच्या छोट्या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या संचांना २०१८ पासून परवाना लागत नाही, इतरांना लागतो. खोक्यावर हे लिहिलेच नसे. अखेर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या आणि वारंवारता, परवाना यांची माहिती देणे बंधनकारक केले. पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या लहरीत आपला संच घुसला, तर गर्दीच्या दिवशी काय होईल याची कल्पना केलेली बरी.

राहता राहिली ग्रामपंचायत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो असे सांगितले, तेव्हापासून अनेक गावांत टॉवर कर आकारणीच्या वहीत, नमुना ८ मध्ये, घरांच्या ओळीत येऊन बसला आहे. तिथे त्याला मिळकत क्रमांक असतो, मालकाचे नाव असते, क्षेत्रफळ असते. दिल्लीच्या वहीत त्याच टॉवरला अक्षांश-रेखांश असतात, वारंवारता असते, ताकद असते. नमुना ८ च्या उताऱ्यात हे तीन रकाने वाढवायला फारसा खर्च नाही. येत्या ग्रामसभेत कुणी हा विषय मांडला, तर ग्रामसेवकाला ‘तरंग संचार’वर जेवढी माहिती दिसते तेवढी काढून त्याच दिवशी फलकावर लावता येईल.