बघे निर्दोष नसतात

अत्याचार करणारे नेहमी मूठभर असतात. त्यांना बळ मिळते ते भोवती उभ्या असलेल्या बघ्यांचे. १८ जून २०२४ रोजी आमच्या वसईत भर रस्त्यात एका तरुणीचा लोखंडी पान्याने घाव घालून खून झाला. एक जण अडवायला पुढे झाला. बाकीची गर्दी पाहत राहिली, काहींनी मोबाईलवर चित्रण केले. तो गुन्हा जातीय नव्हता. पण जिथे जात असते तिथे हीच गर्दी काय करते, हे आंबेडकरी समाजाला सांगायला नको.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी. सुरेखाताई भोतमांगे, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन व सुधीर या चौघांची हत्या करून प्रेते कालव्यात फेकण्यात आली. त्यांचा गुन्हा कोणता? शेजारच्या गावच्या बौद्ध पोलीस पाटलाला मारहाण झाली, त्या प्रकरणी या मायलेकी साक्षीला उभ्या राहिल्या. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हल्ला झाला. म्हणजे ज्यांनी पाहिलेले सांगितले त्या मारल्या गेल्या, आणि ज्यांनी पाहून तोंड मिटले ते सुखरूप राहिले!

२००८ साली भंडारा न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. आम्ही वकिलीत रोज पाहतो की, गाव बोलत नाही तेव्हा जात कागदावर येत नाही. खून सिद्ध होतो, खुनामागची जात सुटून जाते.

कायदा बघ्यांना मोकळे सोडतो का? नाही. ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १६ नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम १०-अ कडे बोट दाखवते. गुन्हेगारांना आसरा देणाऱ्या, पुरावा दडपणाऱ्या, आरोपी शोधण्यास मदत न करणाऱ्या रहिवाशांवर राज्य सरकार सामूहिक दंड बसवू शकते. आपल्या किती निवेदनांत या कलमाची मागणी असते?

जे गावाचे, तेच जगाचे. १९९४ साली रवांडात तुत्सींचा वंशसंहार सुरू असताना, २१ एप्रिलला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने तिथले आपले सैन्य २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे कापली गेली. पाहणाऱ्यांत बलाढ्य राष्ट्रेही होती.

उलट उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. जातीच्या आडोशाला उभे राहून त्यांना बघे होता आले असते. ते झाले नाहीत.

आता प्रश्न आपल्यालाही आहे. आपल्यावर अत्याचार झाला की मोर्चा, आणि पालघरच्या पाड्यावरचा आदिवासी किंवा शेजारचा मुसलमान भरडला गेला की मौन, ही बघ्याचीच भूमिका नव्हे काय? नालासोपारा-विरारच्या सोसायटीत आडनाव विचारून घर नाकारले जाते, तेव्हा त्या बैठकीत बसलेला आपला माणूस बोलतो काय?

साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासखर्च मिळण्याची तरतूद कलम १५-अ मध्ये आहे. प्रत्येक शाखेने निदान एक काम करावे: साक्षीदाराला कोर्टात एकटे जाऊ देऊ नये. सुरेखाताई एकट्या पडल्या होत्या. पुढची सुरेखा एकटी पडली, तर तो दोष फक्त मारेकऱ्यांचा नसेल.

जय भीम!