गळ्यातील ग्रंथी आणि हाडांचा हिशेब

सकाळी अनशापोटी, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास, एक लहानशी गोळी घेण्याचा रिवाज आता मध्यमवर्गीय घरांत इतका रुळला आहे की त्यात कोणालाही काही विशेष वाटेनासे झाले आहे. शिक्षकांच्या खोलीत किंवा कचेरीतल्या मधल्या सुट्टीत ‘थायरॉइड आहे’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे सारे कळते. वस्तुतः थायरॉइड, म्हणजे अवटू ग्रंथी, प्रत्येकालाच असते. बिघडते ते तिचे काम. भाषेतल्या या ढिलाईबरोबर उपचारातही एक ढिलाई शिरली आहे आणि तिची किंमत बहुधा गळ्याला नव्हे, तर हाडांना मोजावी लागते. ही किंमत पंधरा-वीस वर्षांनी चुकती होत असल्यामुळे ती कोणाच्याच खात्यावर मांडली जात नाही.

या दुखण्याचा आवाका लहान नाही. मुंबई, गोवा, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, बंगळूर आणि अहमदाबाद या आठ ठिकाणच्या ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ११ टक्के लोकांच्या अवटू ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के, तर पुरुषांत सुमारे ५ टक्के होते. ही पाहणी शहरी आहे, तिचे आकडे खेड्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे खरे. तथापि लक्षावधी माणसांना, त्यातही प्रामुख्याने स्त्रियांना, जन्मभर घ्यावयाच्या औषधाचा हा प्रश्न आहे, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

अवटू ग्रंथीच्या बाबतीत आपल्या देशाचा पूर्वेतिहास लाजिरवाणा नाही, उलट अभिमानास्पद आहे. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंडाचा विकार पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून होता. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कांगडा खोऱ्यात प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन विभाग पाडून दोहोंना आयोडीनयुक्त मीठ व एकाला साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांतच आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले. या अनुभवाच्या बळावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ साली खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचा निर्णय झाला. आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवरील बंदी केंद्र सरकारने २००० साली उठविली आणि मे २००६ पासून ती पुन्हा लागू केली. या धरसोडीवर टीका झाली, ती योग्यच होती. पण एकंदरीत पाहता मिठासारख्या स्वस्त वस्तूच्या द्वारे शासनाने एक मोठे काम पार पाडले, हे मान्य करावयास हवे.

आजचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मिठातून पुरेसे आयोडीन मिळत असतानाही अनेकांच्या शरीराची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथीवर उलटते व तिचे कार्य मंदावते. त्यावर हॉर्मोनची गोळी हाच उपाय आहे आणि तो उत्तम आहे. गोळी स्वस्त आहे, आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचा समावेश आहे. अडचण गोळीत नाही. गोळी सुरू झाल्यानंतर ती किती असावी, याची विचारपूस करणारी व्यवस्था आपल्याकडे जवळजवळ नाही, ही खरी अडचण आहे.

याचा हाडांशी संबंध काय, हे समजण्यासाठी हाडांचे अर्थकारण पाहिले पाहिजे. हाड ही एकदा बांधून झाल्यावर जन्मभर तशीच राहणारी वस्तू नव्हे. एका जातीच्या पेशी जुने हाड सतत पोखरत असतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी त्या जागी नवे हाड भरत असतात. कारखान्याच्या यंत्रसामग्रीत घसारा आणि नवी गुंतवणूक यांचा जसा मेळ राखावा लागतो, तसाच हा व्यवहार आहे. पोखरण्यापासून भरणी पुरी होईपर्यंतचे एक चक्र सुमारे दोनशे दिवसांचे असते. अवटू ग्रंथीचे हॉर्मोन या चक्राची गती ठरविते. ते वाजवीपेक्षा अधिक झाले तर चक्राचा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. पोखरण्याचे काम झपाट्याने होते, पण भरणीला पुरेसा अवधी मिळत नाही आणि प्रत्येक फेरीत थोडी तूट राहून जाते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फोन रेक्लिंगहाउझेन याने १८९१ सालीच या ग्रंथीच्या अतिक्रियेने पछाडलेल्या एका स्त्रीची हाडे किडीने पोखरल्यासारखी दिसत असल्याची नोंद केली होती. म्हणजे हे ज्ञान सव्वाशे वर्षांहून जुने आहे.

हॉर्मोन अधिक होण्याची वाट दुहेरी आहे. कधी ग्रंथीच अतिक्रियाशील होते. अशा रुग्णाचे वजन उतरते, छातीत धडधडते, हात कापतात आणि तो डॉक्टरकडे धाव घेतो. दुसरी वाट गोळीच्या जादा मात्रेची. ती फसवी आहे, कारण थोड्याशा जादा मात्रेने रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. कित्येकदा तर हुशारीच वाटते. ही जादा मात्रा ओळखण्याचे साधन म्हणजे टी.एस.एच. ही रक्ततपासणी. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी या द्रव्याच्या द्वारे अवटू ग्रंथीला कामाला लावते. रक्तात हॉर्मोन कमी असेल तर टी.एस.एच. वाढते आणि हॉर्मोन अधिक झाले तर ते घटते. हा उलटा हिशेब सर्वसामान्यांच्या ध्यानात येत नाही. आकडा वाढला होता म्हणून गोळी सुरू झाली, तेव्हा तो जितका खाली येईल तितके बरे, अशी समजूत घराघरांत आढळते. वास्तविक तो फार खाली जाणे हीच धोक्याची खूण होय.

अमेरिकेतील ६५ वर्षांवरील स्त्रियांविषयीचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे टी.एस.एच. ०.१ किंवा त्याहूनही खाली होते, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचा धोका सुमारे तिप्पट आणि मणका खचण्याचा धोका सुमारे चौपट आढळला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ७० वर्षांवरील वृद्धांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. गोळीची मात्रा जितकी अधिक, तितका हाड मोडण्याचा धोका अधिक, असे तीत दिसून आले.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. या विवेचनाचा अर्थ गोळी घातक आहे असा मुळीच नव्हे. योग्य मात्रेत घेतलेली गोळी शरीरातील उणीव भरून काढते. ती परस्पर बंद केल्यास थकवा, सूज, हृदयाचे विकार आणि गर्भवतीच्या बाबतीत गर्भाला अपाय, असे परिणाम ओढवतात. अवटू ग्रंथीच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत तर टी.एस.एच. हेतुपुरस्सर खाली ठेवावे लागते. तो तज्ज्ञांचा विचारपूर्वक निर्णय असतो. आक्षेप आहे तो अजाणतेपणी चालू राहणाऱ्या जादा मात्रेला.

ती चालू कशी राहते? वयाच्या चाळिशीत लिहून दिलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षे चालते. वय वाढते, वजन बदलते, उतारवयात हॉर्मोनची गरज बहुधा कमी होते. चिठ्ठीवरचा आकडा मात्र बदलत नाही. दुसरा प्रकार अधिक विपरीत आहे. हाडे दुखतात म्हणून कॅल्शियमची गोळी सुरू होते आणि सोयीसाठी ती सकाळच्या गोळीबरोबरच घेतली जाते. कॅल्शियममुळे, तसेच लोहाच्या गोळीमुळे, हॉर्मोनचे शोषण घटते. म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर हवे. ते न पाळल्यामुळे टी.एस.एच. वाढते, डॉक्टर मात्रा वाढवितात आणि पुढे केव्हातरी कॅल्शियम बंद पडले की तीच वाढीव मात्रा हाडांवर उठते. हाडांसाठी घेतलेले औषध अशा रीतीने हाडांच्याच मुळावर येऊ शकते. वजन उतरविण्यासाठी निरोगी माणसांनी ही गोळी घेणे हा तर शुद्ध अविचार होय.

स्त्रियांच्या बाबतीत हे संकट दुणावते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज एरवीही वेगाने होते आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांत बहुसंख्या याच वयाच्या स्त्रियांची असते. हाडांचा साठा साधारणपणे तिशीपर्यंत भरून होतो. पुढे जे काही करावयाचे ते साठा राखण्यासाठी. आपल्या घरांत दूध-दुभत्याची वाटणी करताना गृहिणीचा क्रम शेवटी लागतो, हे सांगावयास नको. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रौढांसाठी कॅल्शियमचे शिफारसपात्र प्रमाण २०१० मधील ६०० मिलिग्रॅमवरून २०२० साली १,००० मिलिग्रॅमवर नेले. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. शेवग्याचा पाला, तीळ, राजगिरा हेही कॅल्शियमचे चांगले साठे आहेत. नाचणी ही कोकणातील गरिबांची भाकरी. पण शिधावाटप दुकानांतून वर्षानुवर्षे प्रामुख्याने गहू-तांदूळच दिला गेल्याने ती त्यांच्याच ताटातून हलली. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे झाले. भाषणे आणि प्रदर्शने पार पडली. शिधापत्रिकेवर नाचणी नियमाने मिळाली असती, तर त्या वर्षाचे काहीतरी चीज झाले असते.

आता खर्चाचा ताळेबंद मांडून पाहावा. टी.एस.एच.ची तपासणी काही शे रुपयांत होते. मात्रा बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि ती स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा ती पुरेशी असते. उलट खुब्याचे हाड मोडल्यास शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम आणि महिनोन् महिने घरात शुश्रूषा. वृद्धापकाळी असे हाड मोडलेल्यांपैकी सुमारे पंचमांश रुग्ण वर्षभरात दगावतात, असा अनेक देशांतील अनुभव आहे. जगतात त्यांतील पुष्कळांना पूर्वीसारखे चालता येत नाही. तरीही आपल्या आरोग्यविम्याची रचना अशी की, रुग्ण खाटेवर पडल्यावर पैसा मिळतो, तो पडू नये म्हणून करावयाच्या तपासणीला बहुधा मिळत नाही. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजनाही रुग्णालयात दाखल होण्यापुरतीच आहे.

राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदादही याला अपवाद नाही. मोडलेल्या हाडावर रुग्णालयात झालेला खर्च राष्ट्रीय उत्पन्नात वाढ म्हणून नोंदला जातो. ज्या गृहिणीचे हाड मोडले तिचे स्वयंपाकपाणी, नातवंडांचा सांभाळ, घरातील आजाऱ्याची सेवा ही कामे मात्र मुळात मोजलीच जात नसल्याने ती थांबल्याची नोंदही कोठे होत नाही. तिच्या शुश्रूषेसाठी सुनेने किंवा मुलीने नोकरी सोडली तरी तो कुटुंबाचा खासगी प्रश्न ठरतो. ज्याचा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही, त्यावर तरतूद होत नसते.

सर्वांची सरसकट तपासणी करण्याइतका पैसा कोठून आणावयाचा, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. पण येथे सर्वांची तपासणी कोणी मागत नाही. जे आधीच गोळी घेत आहेत त्यांचीच वर्षातून एकदा रक्ततपासणी व्हावी आणि तिच्या आधारावर चिठ्ठी नव्याने लिहून मिळावी. ही तपासणी २०१५ पासूनच्या निःशुल्क निदान योजनेच्या चौकटीत प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हमखास पोहोचावी. रजोनिवृत्तीनंतरही वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या आणि टी.एस.एच. खाली गेलेल्या स्त्रियांसाठी हाडांची घनता मोजण्याची सोय निदान जिल्हा रुग्णालयात असावी. शाळा, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांतील वार्षिक आरोग्य तपासणीत रक्तदाब व साखर यांच्या जोडीला गोळी घेणाऱ्यांपुरती ही एक ओळ वाढविणे अवघड नाही. औषध विक्रेत्याने गोळीची पट्टी देताना ‘शेवटची तपासणी केव्हा झाली’ एवढे विचारले तरी पुष्कळ काम होईल.

बाकीचे रुग्णाच्या हाती आहे: रोजचे चालणे, थोडे ऊन, पोटभर कॅल्शियमयुक्त अन्न, दोन गोळ्यांत चार तासांचे अंतर आणि जपून ठेवलेले जुने अहवाल. पण शासनाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. घराघरातल्या मिठात आयोडीन घालण्याची दूरदृष्टी ज्या शासनाने दाखविली, त्याच्याकडून त्याच ग्रंथीच्या रुग्णांसाठी वर्षाकाठी एका तपासणीची अपेक्षा करणे अवास्तव ठरू नये.