‘असावा’ आणि ‘असलाच पाहिजे’

मराठीच्या मास्तराने कोर्टाच्या निकालपत्रात नाक खुपसावे काय? एरवी मीही ‘नाही’ म्हटले असते. पण वाचकहो, ज्या विध्यर्थाने आमचे विद्यार्थी रडकुंडीला येतात, त्याच्यापायी एका माणसाची मान फासातून सुटली, हे वाचल्यावर गप्प बसवेना.

खटला पुण्याचा, १९८२ सालचा. लग्नाला चार महिने झालेली तरुणी जूनमधल्या एका सकाळी अंथरुणात मृत आढळली. पोटॅशियम सायनाइड! नवरा रसायनशास्त्रातला इंजिनिअर, शिवाय त्याचे मन दुसरीकडे गुंतल्याचा संशय. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. आपल्या आळीने तरी वेगळे काय सांगितले असते? “दुसरा कोण असणार हो?”

खालच्या दोन्ही न्यायालयांचे एकमत असले, की सर्वोच्च न्यायालय सहसा पुराव्याला पुन्हा हात घालत नाही. इथे घातला. मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रे लिहिली होती. उच्च न्यायालयाने ती नवऱ्याविरुद्ध धरली, न्या. फझल अली यांना त्याच ओळींत जीव नकोसा झालेले हळवे मनही दिसले. (रसग्रहणात मतभेद होतात ते असे. फक्त आमच्याकडे पाच गुणांचा प्रश्न असतो.) शिवाय विष आरोपीजवळ होते, हे कुणी सिद्धच केले नव्हते.

१९८४ च्या या निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत. न्यायमूर्तींनी त्यांना ‘पंचशील’ म्हटले. पहिलीच कसोटी सांगताना न्या. कृष्ण अय्यर यांच्या १९७३ च्या निकालाचा आधार घेतला आहे: आरोपी दोषी ‘असावा’ एवढ्याने भागत नाही, ‘असलाच पाहिजे’ इथवर पोचावे लागते. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी साखळीची तुटलेली कडी त्याने सांधली जात नाही.

नवरा सुटला. लेक गमावलेल्या आईबापांना हे व्याकरण कोरडे वाटले असेल, आणि त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही. तरी फाशी ‘असावा’वर देऊ नये, असेच मी म्हणेन.

निकालपत्रात त्या पत्रांतले उतारे दिले आहेत. ऱ्हस्वदीर्घाला अर्धा गुण कापणारा मी. पण त्या ओळींवर पेन्सिल टेकवावीशी वाटली नाही.