व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर

सन १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनपुढे पुण्याहून एक निवेदन गेले. रयतेच्या घामाच्या पैशातून शिक्षणखाते चालते आणि त्याचा लाभ मात्र वरच्या वर्गाची मुले घेतात. निदान १२ वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. पंतोजी होता होईल तो शेतकऱ्यांच्या जातींतून तयार करावे, असा त्यातील मजकूर. हे निवेदन जोतीराव गोविंदराव फुले यांचे, हे आमच्या वाचकांस सांगणे नको. परंतु सहीखाली जोतीरावांनी आपली ओळख काय दिली, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या वेळी सत्यशोधक समाज स्थापून ९ वर्षे झाली होती, 'गुलामगिरी' छापून गाजली होती. त्यांतले काहीएक न लिहिता त्यांनी लिहिले ते इतकेच : व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज.

ही सही आम्हांस यंदा ११ एप्रिलला कोंढ्यात जयंतीच्या वेळी आठवली, आणि आठवण्याचे कारण चांगले नव्हते. फोटोस पहिला हार घालण्याचा मान एका ठेकेदारास मिळाला. मंडपाचा खर्च त्याचा, बुंदीचा खर्च त्याचा, तेव्हा मानही त्याचाच. गृहस्थ आपल्याच बहुजन समाजातला, बोलण्यात गोड. दोन वर्षांपूर्वी गावाच्या तळ्याच्या पाटाची दुरुस्ती त्याने केली. पहिल्याच पावसाळ्यात सिमेंटचा थर पापुद्र्यासारखा सुटला. आमच्या शेजारी बसलेला एक म्हातारा शेतकरी हलकेच म्हणाला, "पानी कागदावर आलं, बांधीत नाई आलं." व्यासपीठावर मात्र जोतीराव हे किती थोर संत होते याचे वर्णन चालू होते. त्यांचा धंदा काय होता, ते कोणीच बोलले नाही. बोलले असते, तर हार घालणाऱ्याचा हात कदाचित थरथरला असता.

कारण वाचकहो, जोतीराव हेही कंत्राटदारच होते.

फुलांचा धंदा करणाऱ्या माळ्याच्या घरी १८२७ साली जन्मलेला हा मुलगा. शिक्षण मध्ये सुटले आणि पुन्हा सुरू झाले, ते मिशनच्या शाळेत. १८४८ साली मुलींची शाळा काढली म्हणून वडिलांच्या घराबाहेर पडावे लागले. वडिलार्जित आधार सुटला आणि सरकारी नोकरीच्या वाटेस ते गेले नाहीत. मग पोट कशावर भरावयाचे? १८६३ च्या सुमारास त्यांनी धातूचे ओतकाम करणाऱ्यांस लागणारे साहित्य पुरविण्याचा धंदा काढला. पुढे पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या नावाने इमारती, पूल, बोगदे यांच्या कामांस दगड, चुना, मजूर पुरविण्याची कामे घेतली. येरवड्याचे बांधकाम, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा संबंध आला. आज पुण्याच्या घराघरांत नळाची तोटी उघडली की जे पाणी येते, त्यातले बरेचसे ज्या धरणातून येते त्या धरणाच्या मालपुरवठ्यात या माळ्याच्या पोराचा हात आहे. मांजरीस त्यांनी शेती केली, सहीतील शेतकरी हा शब्द त्या मातीतला. म्हणजे व्यापार, शेती आणि बांधकाम अशा तिन्ही ठिकाणी घाम गाळून हा मनुष्य स्वतःच्या पायावर उभा राहिला. आमच्यातील काही भाविक मंडळींस या गोष्टीची लाज वाटते की काय कोण जाणे. त्यांच्या चरित्रांत शाळा आहे, हौद आहे, शेणाचे गोळे आहेत, पण चुन्याची भट्टी नाही.

आमच्या मते चुन्याची भट्टी वगळली तर जोतीरावांचे निम्मे म्हणणे समजत नाही. मजूर सकाळी किती आले आणि हजेरीत किती लिहिले गेले. ब्रासभर खडी मापात किती भरली आणि वहीत किती चढली. कारकून, ओव्हरसिअर यांचा हात ओला झाल्याशिवाय बिल का निघत नाही, हे मठात बसून कळत नाही. उन्हात कामावर उभे राहावे लागते. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगार गोऱ्या साहेबास आणि अडाणी मजुरास एकाच वेळी कसे ठकवितात, यावर जोतीरावांनी पवाडाच रचून घातला. ज्या खात्याकडून आपणांस कामे मिळावयाची, त्याच खात्याच्या चोऱ्या छापून प्रसिद्ध करणारा कंत्राटदार आजवर कोणी पाहिला आहे काय? ज्या ताटात जेवावयाचे त्याखालचा पाट उचलून दाखविण्याचे हे काम आहे, आणि त्याची किंमत धंद्यात मोजावी लागते हे बारा बलुतेदारांपैकी कोणासही सांगावे लागणार नाही.

पाण्याची गोष्ट घ्या. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बंधुभगिनींस खुला केला. ही गोष्ट सर्वांस पाठ आहे. पण पुढे १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये याच मनुष्याने पाण्याचे सगळे गणित मांडले आहे, ते कोणी उघडून पाहत नाही. डोंगरांवरून वाहून जाणारे पाणी जागोजागी ताली-बंधारे घालून शेतांत मुरवावे. रिकाम्या बसलेल्या पलटणी व पोलीस यांजकडून ती कामे करून घ्यावी. पाण्याचे झरे कोठे आहेत याचा शोध लावून नकाशे करावे. कालव्याचे पाणी द्यावयाचे तर प्रत्येक शेतकऱ्यास तोटी बसवून मापाने द्यावे, म्हणजे बळी तो कान पिळी असे होणार नाही. हे पुस्तकी पांडित्य म्हणता येईल काय? धरणास दगड पुरविलेला माणूस येथे बोलतो आहे. दगड रचला म्हणजे पाणी शेतात गेले असे होत नाही, हे त्यास कळले होते.

आमच्या पवनी तालुक्यास हे निराळे सांगावयास नको. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली तळी, शेतकऱ्यांच्या बोड्या, यांवर येथला धान पिकत आला. मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली, गाळ काढणारे हात थकले. मग वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आले. १९८३ साली मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता सुमारे ३७२ कोटी रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी कोनशिला बसविली. २००९ साली राष्ट्रीय प्रकल्प म्हणून केंद्राने त्यास मान्यता दिली. अडीच लाख हेक्टर जमीन भिजावयाची होती. खर्चाचा आकडा पुढे हजारो कोटींच्या घरात गेला. कामांच्या दर्जावर सरकारलाच समित्या नेमाव्या लागल्या, ठेक्यांच्या चौकश्या झाल्या, गुन्हे नोंदले गेले. कोण दोषी हे कोर्ट ठरवील, आमच्या लेखणीचे ते काम नाही. परंतु एवढे विचारण्याचा आम्हांस अधिकार आहे की, १८७३ साली इंजिनिअर खात्यातला कारकून एका जातीचा होता म्हणून तो मजुरास लुटतो असे आपण म्हणत होतो. आज कारकून आपला, इंजिनिअर आपला, ठेकेदार आपला, आणि ज्याच्या नावाने ठेका निघतो तो पुढारीही आपला. मग मजुराची हजेरी आणि खडीचे माप आता बरोबर लागते काय? लागत नसेल, तर जोतीरावांचा तो पवाडा आज कोणावर म्हणावयाचा?

हा प्रश्न कडू आहे याची आम्हांस जाणीव आहे. काही वाचक म्हणतील, इतरांनी शेकडो वर्षे खाल्ले, आता आमच्या एखाद्याने चार पैसे मिळविले तर तुमच्या पोटात का दुखते? दुखावयाचे कारण असे की तो पैसा इतरांच्या ताटातला नसतो. तो आमच्याच बांधीतल्या पाण्याचा असतो. परहे पिवळे पडले की रोवणी लांबते, आणि रोवणी लांबलेल्या घरच्या मुलीचे कॉलेज सुटते. ठेकेदाराच्या जातीमुळे पाटाची भेग बुजत नाही.

धंदा करू नये असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. उलट कुणबी, तेली, कोष्टी, कोहळी, महार, ढिवर यांच्या पोरांनी बांधकामात, यंत्रात, वीज-पाण्याच्या कामात शिरावे, कंपन्या काढाव्या, हेच जोतीरावांचे जिणे सांगते. सत्यशोधक समाजाचा पाठीराखा वर्ग कोण होता? मुंबईचे रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही तेलुगू मंडळी मोठमोठ्या इमारती बांधणारी कंत्राटदारच होती. त्यांनी पदरमोड करून समाजास छापखाना घेऊन दिला. १८७७ साली कृष्णराव भालेकरांचे 'दीनबंधु' निघाले, त्याच्या पाठीशी असा गवंड्या-पाथरवटांच्या कामातून आलेला पैसा होता. कंत्राटाच्या पैशातून बुंदीही वाटता येते आणि वर्तमानपत्रही निघते.

आता सहीतील तिसरा शब्द. १८७६ पासून १८८२ पर्यंत जोतीराव पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. लोकांनी निवडून दिलेले नव्हेत. त्या काळी सरकार नेमी. म्हणजे खुर्ची सरकारची, आणि कंत्राटेही सरकारची. असा मनुष्य मान खाली घालून बसेल असे कोणासही वाटावे. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार म्हणून शहर शृंगारण्यास १००० रुपये खर्चावे असा ठराव आला. म्युनिसिपालिटीत ३२ सभासद. शेठ-सावकार होते, विद्वान होते, सरकारच्या नावाने बाहेर बोटे मोडणारेही असतील. विरुद्ध मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणास लावा, असे त्यांचे म्हणणे. त्याच साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांस पत्र लिहिले. पुढे मंडईची भव्य इमारत उठू लागली, तेव्हाही एवढा पैसा दगड-विटांत घालण्यापेक्षा शाळांत घाला, असा त्यांचा आग्रह होता. त्या रे मार्केटास पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्या इमारतीस विरोध केला तिच्यावरच पाटी लागली. आम्हांस यात वावगे वाटत नाही. बाजारात भाजी विकणाऱ्या माळणीच्या डोक्यावर हे नाव शोभते. पण नाव देणारे विरोध का होता ते विसरतात, आणि हजारो नव्या इमारतींच्या पायाशी हेच नाव कोरतात.

त्या १००० रुपयांकडे पुन्हा एकदा पाहा. आज आमच्या ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत मंत्री येणार म्हणून कमान उभी राहते, त्या वेळी एकट्याने हात वर करणारा सभासद किती गावांत आहे? एकटा पडणे सोपे नाही. ज्याचे बिल अडकलेले आहे तो हात वर करूच शकत नाही. जोतीरावांचीही बिले असतील. तरी हात वर झाला, कारण घरखर्च थोडका होता आणि कोणाचे मिंधेपण नव्हते, असे आम्ही समजतो.

शेवट कसा झाला? १८८८ साली मुंबईकरांनी महात्मा पदवी दिली आणि त्याच साली अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, डाव्या हाताने लिहिणे सुरू झाले. १८९० साली मामा परमानंदांस बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे जोतीरावांच्या कुटुंबाकरिता मदत मागणारे पत्र लिहावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. धरणास, बोगद्यास माल पुरविणाऱ्या कंपनीच्या मालकाच्या घरात अखेरीस औषधपाण्याची ओढ, हा त्यांच्या जमाखर्चाचा ताळेबंद. व्यवहारी माणसास तो तोट्याचा वाटेल. बायकामुलांसाठी थोडे अधिक राखले असते तर बरे झाले असते, असे आम्हांसही वाटते, कारण सावित्रीबाईंस मागे हाल सोसावे लागले. पण पैसा शाळांकडे, अनाथ बालकांकडे, १८७७ च्या दुष्काळात अन्नछत्रातल्या पोरांकडे गेला. त्यात चोरीच्या खडीचा पैसा नव्हता.

जयंतीचा मंडप उठल्यावर आम्ही चौघे शेतकरी, एक गवंडी व एक सुतार असे तळ्याच्या पाळीवर बसलो. गवंड्याने सुटलेल्या थराचा तुकडा बोटांनी चुरून दाखविला, वाळूच वाळू. सुताराने फळीची जाडी किती असावयास हवी होती ते काडीने मातीत काढले. मग त्या पाटाच्या कामाचे मोजमाप-पुस्तक, अंदाजपत्रक आणि दिलेल्या बिलांच्या नकला मागणारा अर्ज तेथेच लिहिला. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे अर्जास १० रुपये लागतात, ते सहा जणांत वाटून काढले. सह्या करताना गवंडी म्हणाला, नावापुढे काय लिहू? आम्ही म्हटले, धंदा लिही. त्याने गवंडी असे लिहिले. अर्ज टपालाने गेला आहे, मुदत ३० दिवसांची आहे; उत्तर आले तर ते, आणि न आले तर तसे, याच पानावर छापू.