शब्द टाकायचा कोणी?

रुग्णालयाच्या खिडकीतून खर्चाच्या अंदाजाचा कागद बाहेर येतो. माणूस आकडा वाचतो. विश्वास बसत नाही म्हणून उजवीकडून एकं, दहं, शतं मोजत तो पुन्हा वाचतो. बोट लाखांच्या घराशी येऊन थांबते. त्या क्षणापासून त्या घरात दोन दुखणी सुरू होतात. एकाचे नाव केसपेपरवर लिहिलेले असते. दुसरे म्हणजे पैसे कोणाकडे आणि कोणत्या तोंडाने मागायचे, हे. पहिल्या दुखण्याला निदान डॉक्टर तरी असतो. दुसरे ज्याचे त्याने अंधारात सोसायचे असते.

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांची ही गोष्ट. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीला अस्थिमज्जा प्रत्यारोपण सांगितले गेले. फंड, ठेवी, पत्नीचे दागिने असे सगळे एकत्र करूनही निम्मीच रक्कम जमली. उरलेल्या निम्म्यासाठी सरांनी एक यादी केली. वहीचे दोन पाठपोट कागद भरले. भाऊबंद, मेहुणे, जुने सहकारी, चाळीस वर्षांतले विद्यार्थी, सगळे त्यात होते. आणि मग तीन आठवडे ती वही तशीच पडून राहिली. सर रोज फोन हातात घेत आणि खाली ठेवत. "ज्यांना छड्या मारल्या, त्यांच्यापुढे आता हात कसा पसरू?" असे ते म्हणत. अखेर तालुक्याला हार्डवेअरचे दुकान चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या कानावर ही गोष्ट गेली. तो आला, वही उचलली आणि म्हणाला, "सर, तुम्ही ताईजवळ बसा. मागायचं काम माझं." पुढच्या महिन्याभरात पैसे उभे राहिले. मुलगी बरी झाली. पण त्या तीन आठवड्यांचा विचार आला, की आजही अंगावर काटा येतो. रोग काही सरांचा भिडस्तपणा संपण्याची वाट पाहत थांबलेला नव्हता.

सरांना दोष देण्यात अर्थ नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही आपली शिकवण. उधारी वाईट आणि मागणे त्याहून वाईट, हे मराठी मध्यमवर्गाच्या हाडीमांशी खिळलेले आहे. लग्नात अंथरुणाचे माप पाळता येते, घर बांधताना पाळता येते. दुखणे मात्र अंथरूण पाहून येत नाही. शिवाय उधळपट्टीतून आलेली तंगी आणि आजारातून आलेली तंगी या दोन्हींना आपण एकाच शब्दाने ओळखतो, तेही आपल्याच नुकसानीचे आहे.

खरे तर आपली परंपरा एवढी कोरडी नाही. ज्याची नांगरट मागे पडली त्याच्या शेतात गावकरी आपापली बैलजोडी घेऊन उतरायचे आणि एका दिवसात रान नांगरून द्यायचे. त्याला इर्जिक म्हणत. घरधनी सर्वांना जेवू घालायचा, की झाले. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. त्यात कोणी भिकारी नव्हता आणि कोणी दाताही नव्हता. पुण्यात शिकायला आलेली गरीब घरची मुले सात घरी वार लावून जेवत आणि शिकत. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी गावोगावाहून मुंबईत येणाऱ्यांना ती आजही आसरा देते. ही सगळी मदतच. पण घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, अशी तिची घडण होती. ती घडण आपण विसरलो आणि उरले ते फक्त मागणे.

म्हणून प्रश्न पैशांइतकाच शब्द टाकण्याचा आहे. तो रोग्याने टाकू नये. शक्य असेल तर त्याच्या आईबापांनी, नवऱ्याने वा बायकोनेही टाकू नये. त्यांना रात्री जागायचे असते, सह्या करायच्या असतात, रडूही आवरायचे असते. शब्द टाकावा तो एक पाऊल बाहेर असलेल्या माणसाने. मित्राने, चुलतभावाने, शेजाऱ्याने, जुन्या विद्यार्थ्याने. स्वतःसाठी मागताना ज्याची जीभ अडखळते, तोच माणूस दुसऱ्यासाठी ताठ मानेने मागू शकतो. आपल्या माणसाला "काही लागलं तर सांग" असे सांगून घरी जाणे सोपे असते. "यादी दे, मी बोलतो," हे म्हणायला खरी माया लागते.

पण शब्द टाकणाऱ्याचे पहिले काम मागण्याचे नव्हे, चौकशीचे आहे. जे हक्काने मिळू शकते, त्यासाठी लोकांपुढे पदर पसरण्याची वेळ येऊ नये. राज्याची महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेले. ठराविक उपचारांना आणि ठराविक रुग्णालयांतच ती लागू होते, म्हणून दाखल होण्याआधी विचारणे बरे. धर्मादाय रुग्णालयांवरही बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. हे बंधन पुष्कळांना ठाऊक नसते आणि रुग्णालये ते आपण होऊन सांगतातच असे नाही. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे पत्र, खर्चाचे अंदाजपत्रक यांचा गठ्ठा घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचा उंबरठा झिजवणे हे मागण्याआधीचे काम. मुख्यमंत्री सहायता निधी आणि देवस्थानांचे व इतर न्यास यांची दारे त्यानंतर.

एवढे करूनही खड्डा उरतोच आणि मग माणसांकडे जावे लागते. जाताना हिशेब स्वच्छ हवा. एकूण लागणार किती, घरचे किती, योजनेतून किती, कमी पडतात ते किती, हे चार आकडे सांगावेत. शस्त्रक्रियेचा खर्च सांगून पुढच्या औषधांचा लपवू नये. मूत्रपिंड बदलल्यावर गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शक्यतो पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जावेत. आलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद व्हावी आणि उरले तर त्यांचे काय करणार, हे आधीच सांगून ठेवावे. हिशेब दाखवणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारताना लाज वाटत नाही.

आता मागणे मोबाईलवर आले आहे. त्याने चमत्कारही घडवले. २०२१ साली दुर्मीळ स्नायुविकार झालेल्या एका बाळासाठी सुमारे १६ कोटी रुपयांचे एका मात्रेचे औषध लोकांच्या वर्गणीतून आले. पण नळ्या लावलेल्या लेकराचा फोटो एकदा बाहेर गेला, की तो परत बोलावता येत नाही. रुग्ण बरा होऊन कामाला लागला किंवा जग सोडून गेला, तरी त्याच्यासाठी मदत मागणारा निरोप वर्षानुवर्षे फिरत राहतो. निरोपावर तारीख घालावी. फोटो घालण्याआधी त्या माणसाला विचारावे. आजारी माणसालाही अब्रू असते.

आणि देणाऱ्यांचे काय? कोणी नाही म्हटले, तर त्याच्याही घरी काही दुखणे असेल, असे समजून पुढे जावे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने डबा द्यावा, रक्त द्यावे, एक रात्र रुग्णाच्या उशाशी काढावी. पण ज्याने दिले, त्याने देऊन विसरावे. दोन वर्षांनी त्या घरात मुलीला नवी साडी आली, तर "आमच्याच पैशांवर चाललंय" अशी कुजबुज करणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मदतीने माणूस वाचतो. तो विकत मिळत नाही.

शेवटी एक गोष्ट विसरून चालणार नाही. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. सरकारी हिशेबानुसार तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही उतरण चांगलीच आहे. पण १०० रुपयांतले ३९ रुपये तेव्हाही आजारी माणसाच्या घरातूनच निघत होते आणि मोठ्या दुखण्यात ते घर रिकामे करून निघतात. शेजाऱ्यांचा चांगुलपणा ही सरकारची पळवाट होऊ नये, हे सरकारला बजावत राहिले पाहिजे.

तोवर मात्र कोणाच्या तरी घरी यादीची वही बंद पडलेली असेल. ते घर बहुधा आपल्या ओळखीचेच असेल. त्यांचा फोन येण्याची वाट पाहू नये. आपणच जावे, वही मागून घ्यावी आणि पहिले नाव आपले लिहून दुसऱ्या नावाला फोन लावावा.